डिझेल वाचवणारी गाडी आणि सरकारी पैसा: गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रान्सपोर्टच्या धंद्यातल्या लोकांचे कागद करून देणं हे माझं रोजचं काम. गेल्या दीड-दोन वर्षांत फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि टपरीवर चहा पिताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. एकाच गोष्टीचे दोन पदर असतील तिथे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिला आहे. आधी सोपे, मग किचकट.

१. माझ्याकडे दहाचाकी डिझेल गाडी आहे. तिचं ॲव्हरेज वाढवायला सरकार काही पैसे देतं का?

नाही. सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून तो पहिला.

केबिनवर बसवायचा हवा कापणारा डिफ्लेक्टर, कमी घासणारे टायर, टायरची हवा दाखवणारं यंत्र, टाकीतलं डिझेल मोजणारा सेन्सर, जीपीएस यांपैकी कशालाही गाडीमालकाला थेट अनुदान देणारी केंद्राची योजना नाही. अमेरिकेत पर्यावरण खात्याने २००४ मध्ये 'स्मार्टवे' सुरू केलं, तेव्हापासून तिकडे अशा उपकरणांची तपासणी होते, याद्या निघतात. आपल्याकडे सरकारचा पैसा गाडी बदलायला मिळतो, आहे ती गाडी सुधारायला मिळत नाही. मला हे उफराटं वाटतं. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या डिझेलच्याच आहेत आणि अजून बरीच वर्षं त्याच राहणार आहेत. पण सध्याची परिस्थिती अशी आहे, आणि पुढची सगळी उत्तरं याच चौकटीतली आहेत.

एक गोष्ट मात्र मिळते. पेट्रोलियम मंत्रालयाची पीसीआरए ही संस्था १९७८ पासून इंधन बचतीचं काम करते. ती ड्रायव्हरांसाठी प्रशिक्षणाचे वर्ग घेते. पैसे मिळत नाहीत, पण ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्याला गिअर कधी टाकायचा आणि उभी गाडी कधी बंद करायची हे कळलं, तर महिन्याच्या डिझेल बिलात फरक दिसतो.

२. मग पेपरात 'ट्रकला साडेनऊ लाख' असं येतं ते काय आहे?

ती पीएम ई-ड्राइव्ह योजना, आणि ती फक्त नव्या इलेक्ट्रिक ट्रकसाठी आहे. अवजड उद्योग मंत्रालयाची ही योजना १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाली. एकूण तरतूद १०,९०० कोटींची, त्यातले ५०० कोटी ट्रकसाठी. ट्रकचे नियम मात्र ११ जुलै २०२५ ला आले, म्हणजे मधले नऊ महिने तरतूद कागदावर होती आणि वाटप शून्य.

याआधीच्या फेम-२ या इलेक्ट्रिक गाड्यांच्या अनुदान योजनेत दुचाकी, रिक्षा, कार आणि बस होत्या, ट्रक नव्हता. मालवाहू ट्रकसाठी केंद्राने थेट पैसे द्यायची ही पहिलीच वेळ. एका गाडीला जास्तीत जास्त ९ लाख ६० हजार रुपये मिळतात आणि देशभरात सुमारे ५,६०० गाड्यांना ते देण्याचा अंदाज आहे. नवी मुंबई ते नागपूर या एका पट्ट्यात किती ट्रक धावतात ते डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हा आकडा किती छोटा आहे ते कळेल.

३. कुठली गाडी बसते आणि कुठली बसत नाही?

एकूण वजन, म्हणजे गाडी आणि माल मिळून, साडेतीन टनांच्या वर आणि ५५ टनांपर्यंत हवं. साडेतीन ते १२ टन हा एन-२ वर्ग, १२ ते ५५ टन हा एन-३. ट्रेलरच्या बाबतीत अनुदान फक्त घोड्याला, म्हणजे पुढच्या ओढणाऱ्या गाडीला मिळतं, मागच्या ट्रॉलीला नाही. कोटेशनमध्ये दोन्हींची किंमत एकाच ओळीत लिहिली असेल तर ती आधी वेगळी करून मागा, नाहीतर टक्केवारीचा सगळा हिशोब चुकतो.

गाडीचं ते मॉडेल योजनेत मंजूर झालेलं असावं लागतं. चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून होते आणि मंजूर मॉडेलं योजनेच्या पोर्टलवर दिसतात. डीलर म्हणाला 'येणार आहे, साहेब', तर मॉडेल येईपर्यंत थांबा.

४. माझा छोटा हत्ती आहे. इलेक्ट्रिकवाला घेतला तर केंद्राचं अनुदान मिळेल का?

नाही. साडेतीन टनांच्या आतली चारचाकी मालवाहू गाडी एन-१ वर्गात मोडते आणि पीएम ई-ड्राइव्हमध्ये हा वर्गच नाही. मालवाहू तीनचाकी होती, तिची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतचीच ठेवली होती. साडेतीन टनांच्या वरच्या गाड्यांना मिळतं, तीनचाकीला मिळत होतं, आणि शहरात घरोघर सिलिंडर, भाजी, कुरिअर पोचवणारी मधली गाडी मात्र वगळली गेली. याचं पटेल असं कारण मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

अशा गाडीला महाराष्ट्राच्या धोरणाचा आधार आहे, त्यासाठी प्रश्न ९ पाहा.

५. माझ्या गाडीला नेमके किती मिळतील? प्रत्येक डीलर वेगळा आकडा सांगतो.

तीन आकडे काढायचे आणि त्यातला सगळ्यात लहान धरायचा. पहिला आकडा म्हणजे बॅटरीच्या दर युनिटमागे ५,००० रुपये. (बॅटरीची क्षमता किलोवॅट-तासात लिहिलेली असते. एक किलोवॅट-तास म्हणजे विजेच्या बिलावरचं एक युनिट.) दुसरा, गाडीच्या कारखाना किमतीच्या १० टक्के. तिसरा, त्या वजनाच्या गाडीसाठी ठरवलेली कमाल रक्कम, जी सगळ्यात लहान गटाला २ लाख ७० हजार आणि जास्तीत जास्त ९ लाख ६० हजार आहे.

समजा सात टनांची गाडी आहे, बॅटरी ६० युनिटांची आणि कारखाना किंमत २५ लाख. बॅटरीवरून ३ लाख येतात, किमतीवरून अडीच लाख, मर्यादा २ लाख ७० हजार. मिळणार अडीच लाख.

आता २८ टनांची गाडी घ्या. बॅटरी २८० युनिटांची, किंमत १ कोटी १० लाख. बॅटरीवरून १४ लाख, किमतीवरून ११ लाख, मर्यादा ९ लाख ६० हजार. इथे मर्यादाच लागू होते.

डीलर जो मोठा आकडा सांगतो तो बहुधा पहिला असतो. मागे एका गाडीमालकाने मला कोटेशन दाखवलं, त्यात बॅटरीवरून काढलेली अख्खी रक्कम 'सबसिडी' म्हणून वजा केली होती आणि खाली बारीक अक्षरात 'नियमानुसार बदल होऊ शकतो' असं होतं. बदल साडेचार लाखांचा निघाला. कर्ज मंजूर झालं होतं ते आधीच्या आकड्यावर, वरचे पैसे त्याने मेहुण्याकडून उभे केले.

६. पैसे माझ्या खात्यात येतात का?

येत नाहीत. अनुदानाची रक्कम बिलातच कमी होते, तुम्ही उरलेले पैसे भरता, आणि कंपनी नंतर सरकारकडून ती रक्कम मागून घेते. त्यासाठी योजनेच्या पोर्टलवरून ई-व्हाउचर निघतं, त्यावर खरेदीदाराची आणि डीलरची सही होते आणि ते परत पोर्टलवर चढतं.

म्हणून 'तुमच्या खात्यात सबसिडी जमा करून देतो, आधी फाइलचे पाच हजार द्या' असा फोन आला तर ठेवून द्या. या योजनेत गाडीमालकाने वेगळी फाइल करायचीच नसते.

७. जुनी गाडी भंगारात काढावीच लागते का? माझ्याकडे जुनी गाडीच नसेल तर?

काढावी लागते, ही या योजनेतली सगळ्यात कडक अट आहे. जुना ट्रक नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात जमा केल्याचं प्रमाणपत्र, ज्याला सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट म्हणतात, ते दाखवल्याशिवाय इलेक्ट्रिक ट्रकचं अनुदान मिळत नाही.

जुनी गाडी नसेल तर दुसऱ्याचं प्रमाणपत्र विकत घेता येतं. ही खरेदी-विक्री डिजीईएलव्ही पोर्टलवर कायदेशीरपणे चालते. आपल्या लोकांना हे पहिल्यांदा ऐकल्यावर दोन नंबरचं वाटतं, पण तसं नाही. फक्त प्रमाणपत्र घेण्याआधी त्यावरचा गाडीचा वर्ग आणि वजन डीलरला दाखवून, 'या गाडीसाठी चालेल' असं त्याच्याकडून लेखी घ्या.

उलट बाजूही लक्षात ठेवा. तुमची जुनी गाडी गल्लीतल्या भंगारवाल्याला विकली तर त्याच्याकडून चार पैसे जास्त मिळतील, पण प्रमाणपत्र मिळणार नाही. आणि नोंदणीकृत केंद्रात जायचं तर आरसीवरचा बँकेचा बोजा आधी उतरवलेला हवा. कर्ज पाच वर्षांपूर्वी फिटलं पण बोजा तसाच राहिला, असं अर्ध्या लोकांचं असतं. एनओसी कुठल्या तरी पिशवीत असते. ती शोधण्यापासून सुरुवात करा.

८. इलेक्ट्रिक नको, डिझेलचीच नवी घ्यायची आहे. जुनी स्क्रॅप केल्याचा काही फायदा?

आहे, थोडा. केंद्राच्या ऑक्टोबर २०२१ च्या नियमांनुसार (लागू १ एप्रिल २०२२ पासून) हे प्रमाणपत्र दाखवून नवी गाडी घेतली तर मोटार वाहन करात व्यावसायिक गाडीला १५ टक्क्यांपर्यंत सवलत राज्याला देता येते, आठ वर्षांपर्यंत. नव्या गाडीची नोंदणी फीही माफ होते.

दुसरं, ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रक बनवणाऱ्या कंपन्यांनी दोन वर्षांसाठी सूट जाहीर केली. साडेतीन टनांच्या वरच्या मालगाडीला एक्स-शोरूम किमतीच्या ३ टक्के, त्याखालच्या गाडीला दीड टक्का, आणि प्रमाणपत्र विकत घेतलेलं असेल तर दोन्हीकडे पाव टक्का कमी. हा सरकारचा पैसा नाही, कंपन्यांचा आहे. त्यामुळे डीलर तो नेहमीच्या डिस्काउंटमध्येच मिसळून 'दिला की' म्हणतो. बिलावर वेगळी ओळ मागा.

गाडी दहा वर्षांच्या पुढची असेल तर आणखी एक हिशोब करा. नोव्हेंबर २०२५ मध्ये फिटनेसच्या फीचे टप्पे बदलले आणि वीस वर्षांवरच्या जड ट्रकची फी २५,००० रुपयांवर नेली. प्रोत्साहन कमी पडतं तिथे सरकार असं मागून ढकलतं.

९. महाराष्ट्र सरकार वेगळं काही देतं का?

देतं. महाराष्ट्र इलेक्ट्रिक वाहन धोरण २०२५ ला मंत्रिमंडळाने २९ एप्रिल २०२५ रोजी मंजुरी दिली. ते ३१ मार्च २०३० पर्यंत आहे आणि तरतूद १,९९३ कोटींची. त्यात मालवाहू तीनचाकी आणि चारचाकी इलेक्ट्रिक गाड्यांना मूळ किमतीच्या १५ टक्के सवलत ठेवली आहे, वर्गानुसार कमाल रकमेच्या मर्यादेत. छोट्या हत्तीच्या वर्गातली गाडी इथे बसते. शिवाय मोटार वाहन कर माफ.

केंद्राचं आणि राज्याचं अनुदान वेगवेगळ्या तिजोऱ्यांतून येतं. पण राज्याचा पैसा गाडी दारात येण्याच्या दिवशीच मिळेल असं धरून हप्ता ठरवू नका. माझ्याकडे येणाऱ्यांना मी एकच सांगतो: केंद्राचं बिलात वजा झालेलं दिसलं की धरा, राज्याचं हातात पडेल तेव्हा धरा.

१०. इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ झाला ना? मग ट्रकलाही माफ असेल.

नाही. या एका गैरसमजावर मी आजवर सगळ्यात जास्त वेळा बोललो आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवरची पूर्ण टोलमाफी इलेक्ट्रिक कार आणि बससाठी आहे. मालवाहू इलेक्ट्रिक गाडी त्यात नाही. गाडीला हिरवी नंबरप्लेट असली तरी फास्टॅगमधून पैसे कापले जाणारच.

११. परमिट काढावं लागतं का?

केंद्राच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार बॅटरीवर चालणाऱ्या व्यावसायिक वाहनांना परमिटची गरज नाही. इथेनॉल आणि मिथेनॉलवरच्या गाड्यांनाही नाही. नोंदणी फी ऑगस्ट २०२१ पासून बॅटरीच्या गाड्यांना माफ आहे. फिटनेस आणि विमा मात्र लागतोच. नाक्यावर परमिट मागितलं तर दाखवायला अधिसूचनेची प्रत केबिनमध्ये ठेवा.

१२. सगळं धरून इलेक्ट्रिक ट्रक परवडतो का?

गाडी रोज किती धावते यावर सगळं आहे, अनुदानावर फार कमी. एक हिशोब मांडून दाखवतो, आकडे तुमच्या गाडीचे घाला.

२८ टनांची गाडी, डिझेलवर लिटरला ४ किलोमीटर, डिझेल ९० रुपये. इलेक्ट्रिक असेल तर किलोमीटरला १.२ युनिट, युनिट १२ रुपये. रोज २०० किलोमीटर धावली तर डिझेल ५० लिटर म्हणजे ४,५०० रुपये, वीज २४० युनिट म्हणजे २,८८० रुपये. दिवसाला वाचले १,६२०, वर्षाचे ३०० दिवस धरले तर ४ लाख ८६ हजार. तीच गाडी ४०० किलोमीटर धावली तर ९ लाख ७२ हजार.

म्हणजे ४०० किलोमीटर धावणाऱ्या गाडीची एका वर्षाची बचत केंद्राच्या अख्ख्या अनुदानाइतकी होते. पण डिझेल आणि इलेक्ट्रिक गाडीच्या किमतीत अनुदान वजा करूनही ४०-५० लाखांचं अंतर राहत असेल, तर २०० किलोमीटरवाल्याला ते भरून काढायला आठ-दहा वर्षं लागतील, तेही कर्जावरचं व्याज न धरता.

बसतं कुणाला? ठरलेल्या रस्त्यावर, दोन्ही टोकांना चार्जिंग असलेल्या, दिवसाला दोन-तीन खेपा मारणाऱ्या गाडीला. बंदर ते गोदाम, खाण ते प्रकल्प, सिमेंट कारखाना ते डेपो. न्हावा-शेव्याच्या जेएनपीए बंदरात सप्टेंबर २०२५ मध्ये बॅटरी बदलता येणारे ५० जड ट्रक सुरू झाले, ते याच कारणाने: गाडी आवाराच्या बाहेर जातच नाही. पोलाद बनवणाऱ्या सेलने दोन वर्षांत १५० इलेक्ट्रिक ट्रक घेण्याचं ठरवलं आहे, तिथेही गणित तेच. लासलगावचा कांदा भरून आज गुवाहाटी, परवा परतीचं भाडं मिळेल तिकडे, असा ज्याचा धंदा आहे त्याने अजून थांबावं.

१३. बॅटरी गेली तर? ती तर गाडीच्या निम्म्या किमतीची असते.

अनुदान घेणाऱ्या गाडीच्या बॅटरीला कंपनीने ५ वर्षं किंवा ५ लाख किलोमीटर, यातलं जे आधी होईल तोवर वॉरंटी देणं बंधनकारक आहे. गाडी आणि मोटरला ५ वर्षं किंवा अडीच लाख किलोमीटर.

आता हे प्रश्न १२ च्या हिशोबाशी ताडून पाहा. रोज ४०० किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस म्हणजे १ लाख २० हजार किलोमीटर. गाडी आणि मोटरची वॉरंटी दोन वर्षं उलटली की संपली, बॅटरीची चार वर्षांच्या थोडं पुढे. कर्ज पाच-सहा वर्षांचं. ज्या गाडीला इलेक्ट्रिक परवडतं तिचीच वॉरंटी कर्जाआधी संपते. म्हणून वाढीव वॉरंटीची किंमत गाडी ठरवतानाच विचारा. तेव्हा घासाघीस करता येते, नंतर नाही.

१४. आवारात चार्जर बसवायला अनुदान आहे का?

पीएम ई-ड्राइव्हमध्ये चार्जिंगसाठी २,००० कोटी आहेत, पण ते सार्वजनिक चार्जरसाठी आणि अर्ज राज्यांच्या नोडल संस्था व सरकारी कंपन्यांमार्फत होतात. खासगी आवारातल्या, स्वतःच्याच गाड्यांपुरत्या चार्जरसाठी गाडीमालकाने थेट अर्ज करायचा मार्ग त्यात नाही. इलेक्ट्रिक ट्रकचं कोटेशन घेताना वीज जोडणी, ट्रान्सफॉर्मर आणि चार्जर यांचा खर्च वेगळा मागा. तीन ट्रक रात्री एकदम लावायचे तर आवाराला आहे तो जोडभार बहुतेक वेळा पुरत नाही, आणि ती गोष्ट गाडी आल्यावर कळून उपयोग नाही.

१५. जीएसटीचं काय? इलेक्ट्रिकला ५ टक्के आहे म्हणे.

हो, ५ टक्के. डिझेल ट्रकवर २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. ट्रकच्या टायरवरही २८ चा १८ झाला.

याचा फायदा खरोखर कुणाला, हे तुम्ही जीएसटी कसा भरता यावर आहे. भाड्यावर ५ टक्क्यांचा मार्ग घेतला असेल तर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही, म्हणून गाडीवरचा जीएसटी हा तुमचा खर्च. ३० लाखांच्या डिझेल गाडीवर आधी ८ लाख ४० हजार जात होते, आता ५ लाख ४० हजार. तीन लाख वाचले, भंगाराचं प्रमाणपत्र नाही, पोर्टल नाही, मॉडेलची यादी नाही. १८ टक्क्यांचा मार्ग घेऊन क्रेडिट घेणाऱ्याला मात्र हा दर कमी-जास्त झाल्याने फारसा फरक पडत नाही. त्याचे पैसे आधीही परत येत होते.

एक-दोन गाड्यांच्या मालकाला अलीकडच्या काळात सगळ्यात मोठी मदत या दरकपातीतून झाली, अनुदानातून नाही, असं माझं मत आहे.

१६. सीएनजी किंवा एलएनजी गाडीला अनुदान आहे का?

गाडीच्या खरेदीवर केंद्राचं थेट अनुदान नाही. मदत इंधनाच्या बाजूने येते. महाराष्ट्राने १ एप्रिल २०२२ पासून नैसर्गिक वायूवरचा व्हॅट १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला. शेजारच्या राज्यात वेगळा दर असू शकतो, म्हणून लांबच्या रूटवर टाकी कुठे भरायची याला महत्त्व आहे.

एलएनजी, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू, लांब पल्ल्याच्या जड गाडीला सोयीचं, कारण एका टाकीत ती सीएनजीपेक्षा खूप जास्त अंतर जाते. नोव्हेंबर २०२० मध्ये सुवर्ण चतुष्कोनावरच्या पहिल्या ५० एलएनजी पंपांची पायाभरणी झाली, नागपुरात जुलै २०२१ मध्ये पंप सुरू झाला. अडचण पंपांचीच आहे. गाडी घेण्याआधी तुमच्या रूटवरच्या पंपांना फोन करून माल नियमित येतो का, ते विचारा. नकाशावर पंप दिसणं आणि नळीतून गॅस येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१७. हायड्रोजन ट्रकसाठी अर्ज कुठे करायचा?

कुठेही नाही. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनखाली मार्च २०२५ मध्ये पाच प्रायोगिक प्रकल्प मंजूर झाले, बस आणि ट्रक मिळून ३७ वाहनं, सुमारे २०८ कोटींची मदत. पुणे-मुंबई हा त्यातला एक मार्ग आहे. पैसा मोठ्या कंपन्यांच्या गटांना चाचणीसाठी दिला आहे.

१८. जुन्या डिझेल ट्रकला इलेक्ट्रिक किट बसवलं तर चालेल का?

पीएम ई-ड्राइव्हचे पैसे मिळणार नाहीत, ती योजना कंपनीतून आलेल्या नव्या गाडीसाठी आहे. मंजूर किट, मंजूर ठिकाणी बसवून आरसीवर इंधनाचा बदल नोंदवला तर गाडी कायदेशीर राहते. तसं न करता काही बदल केला तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं आणि अपघाताच्या दाव्यात विमा कंपनी हात वर करते.

डिझेलच्या नळीला लावायचं चुंबक, टाकीत टाकायची गोळी, 'तीस टक्के बचत, सरकारमान्य' असं छापलेली डबी यांबद्दलही विचारणा होते. सरकारमान्य असल्याचा कागद मागा. मी बऱ्याच जणांकडे मागितला आहे. अजून एकानेही दाखवलेला नाही.

१९. एसी केबिनमुळे डिझेल वाढतं. त्याची भरपाई मिळते का?

नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या एन-२ आणि एन-३ ट्रकला एसी केबिन सक्तीची आहे. भरपाई नाही, जुन्या गाडीला सक्तीही नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता मनमाडजवळ एकदा ड्रायव्हरच्या सीटवर अर्धा तास बसून पाहा, मग या डिझेलचा हिशोब मांडू.

२०. दिल्लीला माल नेतो. तिथे जुनी गाडी अडवतात, तर नव्या गाडीला काही जादा मिळतं का?

१ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-४ च्या (बीएस म्हणजे गाडीच्या धुराच्या मानकाचा टप्पा) खालच्या मालगाड्यांना तिथे प्रवेश बंद आहे. बीएस-४ ला ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत दिली. बीएस-६, सीएनजी, एलएनजी आणि इलेक्ट्रिकला अडचण नाही.

पीएम ई-ड्राइव्हमध्ये दिल्लीसाठी १,१०० ट्रक आणि सुमारे १०० कोटी वेगळे ठेवले आहेत, पण ते दिल्लीत नोंदणी होणाऱ्या गाड्यांसाठी. एमएच पासिंगची गाडी दिल्लीला जाते म्हणून त्या कोट्यात येत नाही.

२१. गाडी गोव्यात किंवा बेळगावात पासिंग केली तर?

केंद्राचं अनुदान देशात कुठेही पासिंग केलं तरी तेच. महाराष्ट्राची १५ टक्के सवलत आणि करमाफी महाराष्ट्रात नोंदलेल्या गाडीलाच. कोल्हापूर, सिंधुदुर्गकडचे बरेच मालक करासाठी शेजारी पासिंग करतात. इलेक्ट्रिकच्या बाबतीत तो हिशोब उलटा होतो.

२२. कर्जावर व्याजाची सवलत आहे का?

इंधन वाचवणाऱ्या ट्रकसाठी म्हणून वेगळी नाही. मराठा समाजातल्या अर्जदारांना अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परतावा योजना आहे, १५ लाखांपर्यंतचं कर्ज आणि साडेचार लाखांपर्यंत व्याज परत. छोट्या गाडीला ती उपयोगी पडते. मुद्रा कर्जाची मर्यादा जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात २० लाखांवर नेली, पण वरचा टप्पा आधीचं 'तरुण' गटातलं कर्ज फेडलेल्यांनाच.

२३. योजना कधीपर्यंत आहे? पुढच्या दिवाळीत घेतली तर चालेल?

ट्रकसाठी मुदत ३१ मार्च २०२८ पर्यंत वाढवली आहे. पण तारखेआधी पैसे संपले तर योजना तिथेच थांबते, कारण ५०० कोटी ही पक्की मर्यादा आहे आणि आधी येईल त्याला आधी, असा नियम आहे. बुकिंगच्या तारखेला काही अर्थ नाही. दिवाळीला घ्यायची असेल तर जुन्या गाडीचा बोजा उतरवण्याचा अर्ज गणपतीआधी द्या, बँकेला आणि आरटीओला मिळून तेवढा वेळ लागतोच.